विंडोजवरून मॅकवर आल्यावर हार्ड डिस्कवर काहीच लिहिता येत नाही: कारण, उपाय आणि मागोमाग येणाऱ्या इतर अडचणी

विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेली बाहेरची हार्ड डिस्क नव्या मॅकला लावली. फोल्डर दिसतात, फोटो उघडतात, व्हिडिओ चालतात. पण एखादी फाइल तिच्यावर टाकायला गेलं की ती टाकली जात नाही. नवा फोल्डर बनवायचा पर्याय फिका दिसतो, जुनी फाइल काढता येत नाही, नाव बदलता येत नाही. विंडोज सोडून मॅक घेणाऱ्यांची ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार. डिस्क बिघडलेली नसते आणि मॅकही बिघडलेला नसतो. घाईत केलेला उपाय मात्र डेटा घालवू शकतो, म्हणून या एका अडचणीवर जरा सविस्तर लिहितो आहोत. बाकीच्या अडचणी नंतर येतील.

आधी फॉरमॅट बघा

फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, डिस्कवर एकदा क्लिक करा आणि कमांड + आय दाबा. माहितीची खिडकी उघडेल. त्यात ‘फॉरमॅट’पुढे एनटीएफएस लिहिलेलं असेल तर कारण सापडलं. खाली परवानग्यांच्या जागी ‘यू कॅन ओन्ली रीड’ असंही दिसेल. एनटीएफएस ही मायक्रोसॉफ्टची फाइल सिस्टिम आहे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. मॅकओएस, म्हणजे मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम, ती वाचते, पण तिच्यावर लिहीत नाही. त्यामुळे परवानग्या बदलून, कुलपाचं चिन्ह उघडून, पासवर्ड देऊन किंवा मॅक पुन्हा सुरू करून काही होणार नाही. त्या खटपटीत वेळ घालवू नका.

आता प्रश्न असा की या डिस्कचं पुढे काय करायचं आहे. फक्त जुना डेटा मॅकवर घ्यायचा असेल तर काहीच करायची गरज नाही. वाचता येतंय, तेवढं पुरेसं आहे. कॉपी करा आणि डिस्क आहे तशी जपून ठेवा. डिस्क दोन्ही संगणकांवर फिरवायची असेल तर तिला एक्सफॅट करा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हींना वाचता-लिहिता येणारं फॉरमॅट द्या. इथून पुढे ती फक्त मॅकलाच लागणार असेल तर एपीएफएस हे ॲपलचं फॉरमॅट उत्तम, पण मग विंडोज ती वाचणार नाही.

चौथा मार्ग म्हणजे मॅकला एनटीएफएसवर लिहायला शिकवणारं सॉफ्टवेअर. पॅरागॉन आणि टक्सेरा या कंपन्यांची अशी विकतची सॉफ्टवेअर आहेत आणि ती काम करतात. डिस्क ऑफिसची आहे, तिचं फॉरमॅट बदलायची परवानगी नाही, अशा वेळी ती घ्यावीत. स्वतःच्या डिस्कसाठी आम्ही ती सुचवणार नाही. मॅकओएसची मोठी आवृत्ती आली की असं सॉफ्टवेअरही नवं घ्यावं लागू शकतं, आणि ते बंद पडलं की आपण पुन्हा पहिल्याच जागी.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत फॉरमॅट फॅट३२ निघण्याची शक्यता जास्त. त्यावर मॅक लिहू शकतो, पण ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. छोट्या फाइल जातात आणि मोठा व्हिडिओ तेवढा जात नाही, असं होत असेल तर कारण हेच. उपाय तोच, एक्सफॅट.

पुसण्याआधी

फॉरमॅट बदलणं म्हणजे डिस्क पुसणं. एनटीएफएसचं एक्सफॅट करताना आतला डेटा जागेवर ठेवायची सोय ना मॅकमध्ये आहे, ना विंडोजमध्ये. म्हणून सगळा डेटा आधी दुसरीकडे हवा, आणि तो तिथे नीट पोचला आहे याची खात्री हवी.

खात्री करताना हमखास गोंधळ होतो तो आकारांचा. विंडोज एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. मॅक सरळ १०० कोटी बाइट धरतो. त्यामुळे विंडोजवर १०० जीबी दिसणारा फोल्डर मॅकवर १०७.४ जीबी दिसतो. एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी आणि मॅकवर पूर्ण १ टीबी दिसते, तीही याच हिशेबाने. डेटा वाढला नाही, कमीही झाला नाही. तुलना करायची तर जीबी सोडा आणि माहितीच्या खिडकीत लिहिलेले पूर्ण बाइट बघा. फाइलींच्या संख्येतही फरक दिसेल, कारण विंडोज फाइली आणि फोल्डर वेगवेगळे मोजतं, तर मॅक दोन्ही मिळून एकच आकडा देतो.

दुसरी गोष्ट वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीची. विंडोजवर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर बहुधा वनड्राइव्हला जोडलेले असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच नसतं. त्यातल्या बऱ्याच फाइली प्रत्यक्ष संगणकावर नसून फक्त नावापुरत्या दिसत असतात. फाइलीसमोर ढगाचं चिन्ह असेल तर ती इंटरनेटवर आहे. असा फोल्डर डिस्कवर कॉपी करताना मध्येच इंटरनेट गेलं की कॉपी अडते किंवा काही फाइली मागे राहतात. आधी फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळी चिन्हं हिरवी होईपर्यंत थांबा आणि मग कॉपी करा. मॅकवर वनड्राइव्ह बसवणारच असाल तर ही कॉपी करायची गरजही नाही.

एक्सफॅट करायची कृती

१. डिस्क मॅकला लावा. अ‍ॅप्लिकेशन्समधल्या युटिलिटीज फोल्डरातून डिस्क युटिलिटी उघडा.

२. ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. ही पायरी गाळू नका. ती गाळली की डावीकडे फक्त व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा आतला भाग, दिसतो आणि पुढे ‘स्कीम’चा पर्यायच येत नाही.

३. डावीकडे बाहेरच्या डिस्कची सगळ्यात वरची ओळ निवडा, म्हणजे कंपनीचं नाव असलेली. तिच्याखाली आत सरकलेली ओळ नको. उजवीकडे दिसणारा आकार आपल्याच डिस्कचा आहे ना, हे पुन्हा एकदा बघा.

४. ‘इरेज’ दाबा. फॉरमॅट एक्सफॅट ठेवा आणि स्कीम ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’. डिस्क टीव्हीला किंवा जुन्या यंत्रालाही लावायची असेल तर स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ठेवा. मात्र ती २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर पूर्ण जागा वापरू देत नाही.

५. नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा, ११ अक्षरांच्या आत. पुन्हा ‘इरेज’ दाबा.

मध्येच ‘डिस्क अनमाउंट करता आली नाही’ असा संदेश आणि उणे ६९८८८ हा आकडा आला तर कुठलंतरी अ‍ॅप ती डिस्क वापरतंय. बहुतेक वेळा उघडी राहिलेली एखादी फाइल किंवा स्पॉटलाइट या मॅकच्या शोधसोयीची अनुक्रमणिका त्यामागे असते. सगळी अ‍ॅप्स बंद करा, डिस्क युटिलिटीत व्हॉल्यूम हाताने अनमाउंट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी नाही जमलं तर मॅक पुन्हा सुरू करून, दुसरं काही उघडण्याआधी, हीच कृती करा.

एक्सफॅटची एक उणीव माहीत असलीच पाहिजे. एनटीएफएस आणि एपीएफएस अर्धवट राहिलेल्या लेखनातून स्वतःला सावरू शकतात. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. विंडोजवर पेन ड्राइव्ह सरळ उपटायची सवय असते आणि तिथे ते बहुधा खपून जातं. मॅकवर एक्सफॅट डिस्क अशी उपटू नका. फाइंडरमध्ये तिच्यावर क्लिक करून कमांड + ई दाबा, किंवा डाव्या पट्टीत नावापुढचा बाण दाबा, आणि ती दिसेनाशी झाल्यावरच केबल काढा. लॅपटॉपचं झाकण मिटून मग डिस्क काढणं हेही उपटणंच आहे.

मॅकवर वापरलेली डिस्क विंडोजला लावली की तिच्यात टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसतात, शिवाय डीएस स्टोअर नावाची एक. हा व्हायरस नाही. एक्सफॅटवर मॅकला आपली जास्तीची माहिती ठेवायला जागा नसते, म्हणून तो ती वेगळ्या फाइलीत ठेवतो. विंडोजवर त्या काढून टाकल्या तरी मूळ फाइलींना धक्का लागत नाही.

डिस्क दिसतच नाही

ही तक्रार वेगळी आहे आणि तिची कारणं चार-पाच आहेत. ज्या क्रमाने तपासायला सोपी, त्या क्रमाने सांगतो.

ॲपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर, म्हणजे एम१ आणि त्यापुढच्या चिपवर, मॅकओएस व्हेंचुरापासून नवं उपकरण लावल्यावर जोडायची परवानगी विचारली जाते. घाईत ‘डोन्ट ऑलो’ दाबलं गेलं की उपकरण चार्ज होतं, पण जोडलं जात नाही. केबल काढून पुन्हा लावा आणि या वेळी परवानगी द्या. प्रश्न येतच नसेल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत अ‍ॅक्सेसरीजचा पर्याय काय आहे ते बघा.

मग केबल. यूएसबी-सीच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या कामाच्या असतात. डिस्कसोबत आलेली केबल वापरा. आत चकती फिरणारी डिस्क साध्या हबला लावली असेल आणि टिकटिक आवाज येत असेल तर तिला पुरेशी वीज मिळत नाही. तिला थेट लॅपटॉपला लावा.

डिस्क युटिलिटीत दिसते पण डेस्कटॉपवर नाही, असं असेल तर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि ‘साइडबार’ या दोन्ही ठिकाणी ‘एक्स्टर्नल डिस्क्स’वर खूण करा.

एक्सफॅट डिस्क काल चालत होती आणि आज फक्त दिवा लुकलुकतोय, तर ती आदल्या वेळी नीट काढलेली नव्हती. मॅक तिची तपासणी करत असतो, पण तसं सांगत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि शोधाच्या चौकटीत एक्सफॅट टाका. ‘एफएससीके’ने सुरू होणारी प्रक्रिया दिसली तर तपासणी चालू आहे. डिस्क मोठी आणि भरलेली असेल तर याला तास लागू शकतात. थांबा. मध्येच केबल काढली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. फाइल तातडीने हवीच असेल तर ती प्रक्रिया थांबवली की डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती उघडते. फाइल घ्या आणि मग तपासणी पूर्ण होऊ द्या. विंडोजचा संगणक अजून हाताशी असेल तर डिस्क त्याला लावून तिच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’मधून एरर चेकिंग करणं हा जास्त भरवशाचा मार्ग.

राहिलं शेवटचं आणि सगळ्यात त्रासाचं. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मॅक तिला ओळखतच नाही आणि ‘ही डिस्क वाचता येत नाही’ म्हणून ‘इनिशिअलाइझ’चा पर्याय पुढे करतो. तो दाबू नका. त्या बटणाने पुढे पुसण्याचीच वाट उघडते. ‘इग्नोअर’ किंवा ‘इजेक्ट’ करा, डिस्क विंडोजवर न्या, पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की देऊन उघडा आणि बिटलॉकर पूर्ण बंद होऊ द्या. जुना संगणक कुणाला देऊन टाकण्याआधी हे काम व्हायलाच हवं.

‘रिप्लेस’ने फोल्डर गिळला

विंडोजवर ‘फोटो’ नावाचा फोल्डर दुसऱ्या ‘फोटो’ फोल्डरच्या जागी टाकला की दोन्ही एकत्र होतात. जुन्यातलं जुनं राहतं, नव्यातलं त्यात मिळतं. मॅकवर ‘रिप्लेस’ म्हणजे शब्दशः रिप्लेस. जुना फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसकट जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. जुन्यात दहा वर्षांचे फोटो आणि नव्यात फक्त या महिन्याचे असतील तर उरतात या महिन्याचे. त्या फाइली ट्रॅशमध्ये सापडतील या भरवशावरही राहू नका.

म्हणून एकाच नावाचे फोल्डर असतील तर फोल्डर ओढू नका. नवा फोल्डर उघडा, कमांड + ए ने आतल्या फाइली निवडा आणि त्या जुन्या फोल्डरात टाका. आतही एकाच नावाचे उपफोल्डर असतील तर पुन्हा तोच प्रश्न येतो, तेव्हा तिथेही हेच. ऑप्शन कळ दाबून ओढलं तर काही वेळा ‘मर्ज’चा पर्याय येतो. तो दिसला तर उत्तम, पण तो दरवेळी दिसत नाही. खात्री नसेल तेव्हा ‘कीप बोथ’ निवडा आणि मागाहून सावकाश निवडानिवड करा.

मायग्रेशन असिस्टंट चालवला, पण फाइली नाहीत

ॲपलचं हे साधन विंडोजवरून कागदपत्रं, फोटो, संपर्क, कॅलेंडर आणि मेलची खाती आणतं. विंडोजची सॉफ्टवेअर आणत नाही. मॅकओएसच्या आवृत्तीनुसार विंडोजवर उतरवायचा प्रोग्रॅम वेगळा असतो. चुकीचा घेतला तर दोन्ही संगणक एकमेकांना दिसतच नाहीत. योग्य घेऊनही दिसत नसतील तर दोन्ही एकाच वायफायवर आहेत का, आणि विंडोजवरचं फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद आहे का, ते बघा. सोय असेल तर दोन्हींमध्ये सरळ इथरनेट केबल जोडा. वेळ पुष्कळ वाचतो. मध्येच अडकत असेल तर आधी विंडोजच्या डिस्कची चेकडिस्क करून चुका दुरुस्त करून घ्या.

सगळं यशस्वी झालं म्हणून सांगितलं आणि तरी डॉक्युमेंट्स रिकामं, याचं कारण साधं आहे. मॅकवर आधीच एक खातं बनवलेलं असेल तर हा प्रोग्रॅम फाइली त्यात घालत नाही. विंडोजवरच्या नावाने तो दुसरं खातं उघडतो. लॉग आउट करा, पहिल्या पडद्यावर ते नाव दिसेल. त्या खात्यात शिरून फाइली ‘यूजर्स’मधल्या ‘शेअर्ड’ फोल्डरात कॉपी करा आणि मग आपल्या खात्यातून उचला. नवाकोरा मॅक पहिल्यांदा सुरू होताना मायग्रेशनचा पर्याय येतो, तेव्हाच ते केलं तर ही दोन खात्यांची भानगड टळते.

कळफलक

‘कंट्रोलच्या जागी कमांड’ एवढं सांगून लोक मोकळे होतात, पण अडतं ते पुढे. फाइंडरमध्ये फाइलीवर रिटर्न दाबलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला लागतं. उघडण्यासाठी कमांड + ओ किंवा कमांड + खालचा बाण. फाइल कट होत नाही. कमांड + सी करा आणि नव्या जागी कमांड + ऑप्शन + व्ही दाबा, म्हणजे ती तिथे हलते. डिलीट कळ दाबून फाइल जात नाही, कमांड + डिलीट लागतं. लिहिताना डिलीट ही कळ मागचं अक्षर खोडते. पुढचं खोडायला फंक्शन + डिलीट. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी जायला कमांड + डावा-उजवा बाण, शब्दावरून उडी मारायला ऑप्शन + बाण. बाहेरच्या कळफलकावर होम आणि एंड असले तरी बहुतेक ठिकाणी ते ओळीच्या नाही, मजकुराच्या टोकाला नेतात.

कमांड + टॅब अ‍ॅप बदलतं, खिडकी नाही. वर्डच्या दोन फाइलींमध्ये फिरायचं असेल तर कमांड आणि टॅबच्या वरची कळ. लाल गोळा दाबला की खिडकी मिटते, पण बहुतेक अ‍ॅप चालूच राहतं. डॉकमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या चिन्हांच्या पट्टीत, त्याच्याखाली ठिपका दिसतो. ते खरोखर बंद करायला कमांड + क्यू. मॅक जड वाटतोय म्हणणाऱ्यांच्या डॉकमध्ये पुष्कळदा असे वीस ठिपके असतात. अ‍ॅप अडकलं तर कमांड + ऑप्शन + एस्केप.

विंडोजचाच कळफलक मॅकला लावला असेल तर विंडोजचं चिन्ह असलेली कळ कमांड होते आणि ऑल्ट ऑप्शन होते, म्हणजे लॅपटॉपच्या उलट क्रमाने. बोटं सतत चुकतात. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज. तिथे वरच्या यादीत आधी बाहेरचा कळफलक निवडा आणि मगच कमांड-ऑप्शनची अदलाबदल करा. यादीत निवडायचं विसरलं की बदल लॅपटॉपच्या कळफलकाला लागतो आणि गोंधळ दुप्पट होतो.

माउसचं चाक उलटं फिरतंय म्हणून ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद केलं की ट्रॅकपॅडही उलटा होतो. मॅकओएसमध्ये दोन्हींची सेटिंग एकच आहे. माउस आणि ट्रॅकपॅड वेगळे ठेवायचे तर त्यासाठी वेगळं छोटं अ‍ॅप लागतं.

एक्सेलवाल्यांसाठी चार कळा: सेल दुरुस्त करायला एफ२ऐवजी कंट्रोल + यू, डॉलरची चिन्हं लावायला एफ४ऐवजी कमांड + टी, बेरजेला कमांड + शिफ्ट + टी, सेलमध्येच नवी ओळ करायला ऑप्शन + रिटर्न. अ‍ॅक्टिव्हएक्सची बटणं असलेले मॅक्रो मॅकवर चालत नाहीत. अ‍ॅक्सेस मॅकसाठी निघतच नाही. रोजचं काम त्यावर असेल तर मॅक घेण्याआधी हे माहीत हवं.

अ‍ॅप रोज नाहीसं होतं, किंवा उघडतच नाही

डीएमजी फाइल उघडली, आतल्या चित्रावर डबल क्लिक केलं, अ‍ॅप चालू झालं. मॅक पुन्हा सुरू केल्यावर ते गायब. कारण ते बसवलेलंच नव्हतं. डीएमजी ही एक आभासी डिस्क आहे आणि अ‍ॅप तिच्यातूनच चालत होतं. आतलं अ‍ॅप अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरात ओढा, मग आभासी डिस्क इजेक्ट करा आणि डीएमजी काढून टाका. डॉकमधलं जुनं चिन्हही काढून नवं लावा.

अनोळखी निर्मात्याचं अ‍ॅप म्हणून मॅक अडवत असेल तर जुना सल्ला ‘कंट्रोल दाबून क्लिक करा’ असा मिळेल. २०२४ च्या मॅकओएस सिकोयापासून तो चालत नाही. एकदा उघडायचा प्रयत्न करा, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन ‘ओपन एनीवे’ दाबा. हे बटण प्रयत्नानंतर साधारण तासभरच दिसतं. अ‍ॅप निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घेतलेलं असेल तेव्हाच हे करा.

ईएक्सई फाइली, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम, मॅकवर चालत नाहीत. बूट कॅम्पने विंडोज बसवायचा सल्ला इंटेलच्या मॅकपुरता होता, ॲपल सिलिकॉनवर बूट कॅम्प नाही. तिथे पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ११ ची आर्म आवृत्ती चालते आणि तिच्यात साधी विंडोज सॉफ्टवेअर बहुधा चालून जातात. अडतात ती ड्रायव्हर लागणारी: यूएसबी डोंगलवर चालणारी, जुनी यंत्रं जोडणारी, काही खेळ. असं एक सॉफ्टवेअर जरी रोजच्या कामाचं असेल तरी जुना संगणक ठेवून द्या.

मराठी मजकूर बिघडतो

यात दोन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

वर्डची फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा सडा दिसत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, नाही. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमधली अक्षरं आतून रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट असला की मराठी दिसतं, नसला की सडा. फाँटची टीटीएफ फाइल मिळाली तर तिच्यावर डबल क्लिक करून ती फाँट बुकमध्ये बसवा, मजकूर वाचता येईल. पण खरा उपाय मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच, आणि ते काम विंडोजचा संगणक चालू असतानाच उरका, कारण त्या फाँटसोबत आलेली साधनं बहुतेक तिथलीच असतात. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात.

मजकूर नीट दिसतोय पण पानं सरकली, तक्ते फुटले, तर मजकूर युनिकोडच आहे आणि फक्त फाँट बदलला आहे. मंगल, कोकिळा, निर्मला हे विंडोजसोबत येणारे फाँट. मॅकवर ते नसतील तर कोहिनूर देवनागरी किंवा देवनागरी संगमसारखा दुसरा फाँट त्यांची जागा घेतो आणि अक्षरांची रुंदी बदलते. ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा मोफत फाँट दोन्ही संगणकांवर बसवा आणि फाइली त्यातच ठेवा. छपाईला पाठवायची असेल तर पीडीएफ करूनच पाठवा.

टायपिंगसाठी सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, एडिट, अधिकचं चिन्ह. ‘देवनागरी’ ही मांडणी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर आधारलेली आहे, ‘देवनागरी क्वर्टी’ उच्चाराशी जुळणारी. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट + एन म्हणजे ळ आणि शिफ्ट + जे म्हणजे ऱ. ‘दुसऱ्या’तला ऱ्य हवा असेल तर हाच ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतला की ‘दुसर्या’ असा रफार उमटतो. भाषा बदलायला ग्लोब कळ किंवा कंट्रोल + स्पेस.

दोन मॉनिटर, एकच चित्र

विंडोज लॅपटॉपला डॉकमधून, म्हणजे अनेक उपकरणं एकत्र जोडणाऱ्या डबीतून, दोन मॉनिटर जोडलेले होते, तोच डॉक मॅकला लावला तर दोन्हींवर एकच चित्र येतं. असे डॉक एमएसटी नावाच्या पद्धतीने एक सिग्नल दोघांत वाटतात. मॅकओएस त्या पद्धतीने वेगवेगळी चित्रं देत नाही. थंडरबोल्टचा डॉक किंवा लॅपटॉपच्या दोन पोर्टना दोन वेगळ्या केबल हा उपाय. पण त्याआधी चिप बघा. साध्या, म्हणजे प्रो किंवा मॅक्स नसलेल्या, एम१ आणि एम२ च्या लॅपटॉपला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम३ च्या मॅकबुक एअरला दोन चालतात, पण झाकण मिटून. साध्या एम४ ला झाकण उघडं असतानाही दोन.

१०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर अक्षरं धूसर दिसतात, कारण २०१८ च्या मोहावेपासून मॅकओएसने अशा पडद्यांवर अक्षरं रेखीव दाखवणारी जुनी युक्ती बंद केली. सेटिंग्जमध्ये त्यावर पूर्ण उपाय नाही. ४के मॉनिटर १९२० बाय १०८० सारखा दिसेल असा ठेवला की अक्षरं स्वच्छ होतात.

जुना संगणक देण्याआधी

टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीसाठी वेगळी डिस्क घ्या, मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट. एक्सफॅट डिस्क टाइम मशीनला चालत नाही. ती निवडली की मॅक पुसायची परवानगी मागतो, आणि तिच्यावर जुना डेटा असेल तर नकार द्या. पहिला बॅकअप पूर्ण झाला, त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून बघितली, की विंडोजवर जाऊन ब्राउझरमधले पासवर्ड आणि बिटलॉकरच्या कीज काढून घ्या आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाने मोकळे करून घ्या. काही सॉफ्टवेअर ठरावीक संगणकांवरच चालतात, आणि परवाना सोडवायचं बटण त्या जुन्या संगणकातच असतं. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि सी ड्राइव्हवर हाताने बनवलेले फोल्डर एकदा उघडून बघा. विसरलेल्या फाइली बहुतेक याच तीन ठिकाणी सापडतात.